पोरीला पेलेल अशी रायफल

(१९९७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



या शाळेत मी याआधी एकदाच भाषणाला उभी राहिले होते. सातवीत, टिळक पुण्यतिथीला. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' इथपर्यंत नीट झालं आणि पुढचं सगळं साफ विसरले. त्यामुळे आज कागद घेऊन आले आहे. बाई हसताहेत, म्हणजे त्यांच्या लक्षात आहे.

मला खरं तर 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर बोलणारे आपल्या तुकडीत दहा-बारा जण आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. मी रायफलीबद्दल बोलणार आहे. कारण ग्रुपवर गेले तीन महिने आपण शाळेला काय भेट द्यायची यावर भांडतोय. पाण्याचा कूलर झाला, प्रोजेक्टर झाला, शेवटी गाडी आली ती एअर रायफलच्या रेंजवर. स्वप्नील कुसाळे यांना पॅरिसमध्ये पदक मिळाल्यापासून ही कल्पना बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. आणि मग एकाने लिहिलं, 'एकच घ्या, पण टॉपची घ्या. ऑलिंपिकमध्ये वापरतात तीच. शाळेचं नाव निघालं पाहिजे.' त्यावर चाळीस अंगठे पडले.

मी लांबलचक उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं. कारण त्या उत्तरात माझी स्वतःची एक चूक सांगावी लागणार होती, आणि ती मोबाइलवर सांगण्यासारखी नव्हती. आज तोंडाने सांगते.

आधी बाईंची शंका दूर करते. मघाशी चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'अगं, शाळेत बंदुका कशाला आणताय?' रास्त प्रश्न आहे. रायफल म्हटलं की आपल्याला शिकार आठवते. आपली सहल अजिंठ्याला गेली होती, तेव्हा सरांनी समोरचा डोंगर दाखवून सांगितलं होतं की २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला लेणी दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नावही कोरून ठेवलं. त्या काळी अशा लोकांसाठी रायफल म्हणजे शिकारच. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो विषय संपवला, आणि ते बरंच झालं.

आपण म्हणतोय ती दहा मीटरची एअर रायफल. हिच्यात दारू नाही, दाबलेली हवा आहे. छर्रा शिशाचा, साडेचार मिलिमीटरचा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. या व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला आपल्याकडे परवाना लागत नाही. पण बाई, परवाना लागत नाही याचा अर्थ ते खेळणं आहे असा नाही. डोळा जायला तो अर्धा ग्रॅम पुरेसा आहे. त्या काळजीकडे मी शेवटी परत येते.

आता एक जुनी आठवण. नववीत एन.सी.सी.चा कॅम्प होता. आपल्यापैकी सात-आठ मुली होतो. पॉइंट टू टू रायफल, पालथं पडून, २५ यार्डांवरचं टार्गेट, प्रत्येकीला पाच गोळ्या. ती रायफल पावणेतीन किलोची. माझं वजन तेव्हा पस्तीस किलो. वजनाचं एक वेळ सोडा, आडवं पडलं की वाळूच्या पोत्यावर ते जातं. पण तिचा दस्ता इतका लांब होता की खांद्याला लावला तर माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचेना, आणि बोट पोचवलं तर दस्ता खांद्यावरून काखेत घसरे. पाचातली एक गोळी टार्गेटला लागली, तीही शेजारणीच्या. उस्ताद म्हणाले, 'नजर कच्ची है.' मी ते खरं मानलं. पुढे पंचवीस वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की माझा नेम वाईट आहे. रायफल माझ्या मापाची नव्हती, हे त्या वयात सुचलं नाही, आणि कोणी सुचवलंही नाही.

आता मूळ गोष्ट. १ ऑगस्ट २०२४. मी पुण्यात घरून काम करत होते आणि लेक शेजारी बसून मोबाइलवर फायनल बघत होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला माणूस पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण करून ब्राँझ घेऊन गेला. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक हेच. बहात्तर वर्षांनी. लेक बारा वर्षांची. म्हणाली, 'आई, हा माणूस पळत नाही, उड्या मारत नाही, नुसता शांत उभा राहतो. हे मला जमेल.' खो-खोत तिला कायम राखीव ठेवायचे, म्हणून तिला ते फार पटलं होतं.

घराजवळच्या एका रेंजवर नाव घातलं. तिथे क्लबच्या तीन-चार रायफली असतात, मुलं आळीपाळीने वापरतात. चार महिन्यांत तिचे गुण बरे यायला लागले आणि माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. स्वतःची रायफल घ्यायची. कोच म्हणाले, 'ताई, वर्षभर थांबा. पोरगी अजून वाढतेय. क्लबची छोटी रायफल तिला ठीक आहे.' मी मान डोलावली आणि घरी येऊन एक्सेल उघडलं.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्यासारख्यांना फ्रीज घ्यायचा असला तरी आपण बावीस कॉलम करतो. मी रायफलीचे एकतीस केले. वजन, लांबी, बॅरल, हवेचा दाब, सिलिंडरची मुदत, सुटे भाग कुठे मिळतात. आमच्या टीममध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा एक जण आहे, तो दर वर्षी एल्कच्या शिकारीला जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातीतला, पण कितीतरी मोठा प्राणी. नर तीनशे किलोच्या पुढे जातो. तिकडे ते कायदेशीर आहे, कोणत्या भागात किती जनावरं मारायची याचे परवाने सरकार देतं. मी त्याला सहज विचारलं, रायफल निवडताना तू काय बघतोस?

त्याने अर्धा तास सांगितलं. म्हणाला, मी दहा हजार फुटांवर चार-पाच दिवस चालतो. रायफल दिवसभर खांद्यावर, आणि नशीब असेल तर सगळ्या मोसमात गोळी एकच. म्हणून मला हलकी लागते, दुर्बिणीसकट तीन किलोच्या आसपास. नुसत्या रायफलीचं वजन बघू नकोस, म्हणाला, दुर्बीण, पट्टा, गोळ्या सगळं मिळून बघ. अंगावर सगळंच येतं. पण हलकेपणाची किंमत असते. गोळी तीच ठेवून रायफलीचं वजन अर्धं केलं तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. खांदा त्या धक्क्याला घाबरायला लागला की माणूस ट्रिगर ओढायच्या आधीच दचकतो आणि जनावर जखमी होऊन पळतं. त्याला ते पाप वाटतं. शिवाय हलकी रायफल हातात फुरफुरते, जड रायफल शांत राहते. तेव्हा पेलवेल तितकी हलकी घ्यायची, त्याहून हलकी नाही.

मी यातलं एकच वाक्य उचललं. जड रायफल शांत राहते. ते खरंही आहे. वस्तुमान जास्त असलं की ती सहजासहजी हलत नाही, हाताचा थरथराट नळीच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत मंदावतो. दहा मीटरवरच्या त्या टार्गेटमधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, बॉलपेन टेकवल्यासारखा. तिथे थरथराट म्हणजे सगळंच. स्पर्धेच्या नियमात एअर रायफल जास्तीत जास्त साडेपाच किलोची चालते. मोठे नेमबाज त्या मर्यादेच्या जवळपास जातात. आणि आपल्याला तर डोंगर चढायचा नाही. गाडीतून काढायची, टेबलावर ठेवायची. मग हलकी कशाला? माझं गणित पक्कं होतं.

एका खेळाडूने वापरलेली रायफल मिळाली. जर्मन बनावटीची, मोठ्या मापाची, ४.९ किलो. पैसे थोडे कमी पडत होते. आण्णांना कळलं तेव्हा त्यांनी निवृत्तीनंतर ठेवलेल्या एफडीतली एक मोडली. बजाजनगरहून फोनवर म्हणाले, 'नातीसाठी नाही तर कुणासाठी?' आपल्या वसाहतीतल्या माणसांनी एफडी मोडणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. आपण सगळे कंपनीच्या बसच्या वेळेवर आणि भोंग्यावर वाढलेली पोरं आहोत.

डिसेंबरात रायफल घरी आली. आम्ही तिला हळद-कुंकू लावलं. पहिले दोन महिने गुण वाढले. मी दर आठवड्याला आलेख काढत होते. मार्चपासून आलेख सपाट झाला आणि एप्रिलमध्ये खाली यायला लागला. पहिल्या वीस शॉट्सना छान, चाळिसाव्यानंतर घसरण. मी तिला एकाग्रतेवर व्याख्यानं दिली. मोबाइल काढून घेतला. रात्री लवकर झोपायला लावलं. ती काहीच बोलत नसे.

एके दिवशी चादर बदलताना तिच्या उशीखाली बामची बाटली सापडली. जवळजवळ संपलेली. मी विचारलं तेव्हा आधी म्हणाली, डोकं दुखतं. मग म्हणाली, पाठ. कधीपासून? फेब्रुवारीपासून. सांगितलं का नाहीस? माझ्याकडे न बघता म्हणाली, 'आजोबांनी पैसे दिलेत ना. आणि जॅकेट घातलं की दुखत नाही. काढल्यावर दुखतं.'

नेमबाजीचं जॅकेट कॅनव्हासचं आणि चामड्याचं असतं, पाट्यासारखं ताठ. ते पाठीला धरून ठेवतं. त्यामुळे जोवर ती शूटिंग करत होती तोवर ते दुखणं तिला जाणवत नव्हतं, आणि मला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं. हाडाला काही नव्हतं, कमरेचे स्नायू ताणले गेले होते. सहा आठवडे रायफल बंद. ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, 'वजन केलं होतं का?' मला वाटलं, रायफलीचं विचारताहेत. म्हटलं हो, चार किलो नऊशे. म्हणाले, 'मुलीचं.'

एकतीस कॉलम होते. तो कॉलम नव्हता. लेकीचं वजन होतं एक्केचाळीस किलो.

मे महिन्यात आम्ही इथे बजाजनगरला आलो. आण्णांना काय सांगायचं म्हणून मी दोन दिवस टाळत होते. शेवटी तिनेच सांगितलं. आण्णा काही बोलले नाहीत. तिला म्हणाले, 'तू उभी कशी राहतेस ते दाखव मला. बंदूक नको, लाटणं घे.' ती हॉलमध्ये उभी राहिली. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं, पाठ मागे आणि थोडी उजवीकडे कलली. आण्णा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. तीस वर्षं असेंब्ली लाइनवर काढलेला माणूस आहे. म्हणाले, 'आमच्याकडे नट आवळायची हवेवरची गन होती. ती जड होती, पण वर स्प्रिंगच्या बॅलन्सरला टांगलेली असायची. हात फक्त दिशा द्यायचा, वजन छताला. इथे छत कुठंय? ही पोरगीच बॅलन्सर झालीय.'

मी इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवली. मला जे सुचलं नाही ते त्यांनी एका चकरेत सांगितलं.

उभं राहून नेम धरताना रायफलीचं वजन हाताने पेलायचंच नसतं. ते कोपरातून कमरेच्या हाडावर आणि तिथून पायात उतरतं. पण रायफल शरीराच्या पुढे असते. ती माणसाला पुढे ओढते, म्हणून माणूस मागे कलतो. तराजूसारखं आहे. ऐंशी किलोच्या माणसाला पाच किलोसाठी थोडंच कलावं लागतं. एक्केचाळीस किलोच्या पोरीला तेवढ्यासाठी धनुष्यासारखं वाकावं लागतं. त्यात दस्ता लांब असला तर रायफलीचं वजन अजून पुढे जातं आणि वाक अजून वाढतो. माझ्या कोलोरॅडोच्या मित्राला रायफल दिवसभर वाहायची असते आणि एकदा उडवायची असते. माझ्या लेकीला ती गाडीपासून टेबलापर्यंतच वाहायची असते, पण सरावात रोज ऐंशी वेळा उचलायची असते. ४.९ गुणिले ८० म्हणजे ३९२ किलो. साधा गुणाकार. मी तो केलाच नव्हता.

शाळेच्या दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा शासनाचा नियम आहे. तो दप्तराचा, रायफलीचा नाही. पण आईला एक मोजपट्टी म्हणून मला तो पुरेसा वाटला. आमची रायफल बारा टक्के होती.

मग कोचकडे गेले आणि माफी मागितली. ते म्हणाले, 'असे पालक महिन्याला एक येतात, ताई.' त्यांनी क्लबमधली मुलांची रायफल काढून दिली. ३.६ किलो. नळी आखूड, दस्ता मागेपुढे होणारा, गालाचा टेकू वरखाली होणारा. पहिले दोन दिवस त्यांनी तिला छर्राच दिला नाही. नुसतं डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडून बघायचं. मान न वाकवता, गाल न दाबता डोळा साइटच्या मागे आपोआप आला तर माप बरोबर. नाही आला तर रायफल बदलायची, मान बदलायची नाही. मला एन.सी.सी.चा तो कॅम्प आठवला आणि भर रेंजवर डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस किलोच्या त्या मुलीची नजर कच्ची नव्हती हो.

हलक्या रायफलीचा तोटाही तिला लगेच कळला. ती हलते. पहिल्या महिन्यात गुण आधीपेक्षाही खाली गेले. कोच म्हणाले, जाऊ द्या. आता ती शिकेल ते शरीराने शिकेल, वजनाच्या आधाराने नाही. या रायफलींना पुढे छोटी वजनं अडकवता येतात, शंभर-शंभर ग्रॅमची. मुलगी वाढेल तशी तीही वाढवायची. जड रायफल हलकी करता येत नाही, हलकी मात्र जड करता येते. एकतीस कॉलमांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

ती जर्मन रायफल विकली. तोटा झाला. सिलिंडरची दहा वर्षांची मुदत संपत आली होती, हे घेताना माझ्या एक्सेलमध्ये होतं, तरी मी त्याचे पैसे कमी करून घेतले नव्हते. आलेले पैसे घेऊन आण्णांकडे गेले. त्यांनी मोजले नाहीत. म्हणाले, 'लाइनवर पहिल्या दिवशी जॉब खराब होतोच. दुसऱ्यांदा होता कामा नये.'

आता तुम्ही विचाराल, लेकीचं काय झालं? सिनेमासारखं काही झालं नाही. ती राज्य स्पर्धेला पात्र ठरली नाही, चार गुणांनी राहिली. पण साठ शॉट्स पूर्ण करून हसत बाहेर आली आणि पहिलं वाक्य म्हणाली, 'आई, भूक लागलीय.' पाठीचं नाव नाही. बामची बाटली आता आमच्याकडे आण्णांच्या गुडघ्यांसाठी असते.

आता शाळेच्या भेटीकडे येते. 'टॉपची एकच' याला माझा विरोध आहे, आणि कारण तुम्हाला कळलं असेल. ती एक जड रायफल आली तर काय होईल? ती कपाटात राहील. पंधरा ऑगस्टला पाहुण्यांना दाखवली जाईल. आणि वापरली गेलीच, तर वर्गातली उंच, दणकट चार मुलं वापरतील. आठवीतली तीस-पस्तीस किलोची पोरगी ती एकदा उचलेल, डगमगेल, आणि पुढची पंचवीस वर्षं सांगत राहील की माझा नेम वाईट आहे.

माझी सूचना साधी आहे. तेवढ्याच पैशांत दोन किंवा तीन हलक्या, मुलांच्या मापाच्या रायफली घेऊ. साडेतीन किलोच्या आसपासच्या. दस्ता आणि गालाचा टेकू मागेपुढे होणाऱ्या. त्यातली एक डावखुऱ्या मुलांना चालेल अशी. वापरलेली घेतली तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचायची आणि ती किमतीत धरायची. उरलेल्या पैशांत छर्रे, टार्गेट, दोन-तीन मापांची जॅकेटं. आणि घ्यायच्या आधी आठवीतल्या चार मुली आणि चार मुलं सोबत न्यायची, त्यांच्या खांद्याला लावून बघायची. आपल्या खांद्याला नाही. आपली पोटं आडवी येतात.

बाई, आता तुमची काळजी. कुलपाचं कपाट, किल्ली मुख्याध्यापकांकडे. रायफल एका कपाटात, छर्रे दुसऱ्यात. प्रशिक्षित कोच समोर असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. नळीत रंगीत दोरी घातलेली, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. नळी कायम टार्गेटकडे. पुढे कोणी असेल तर कोणीही हात लावायचा नाही. आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून डबा खायच्या आधी साबणाने हात धुवायचे. कोच ठरल्याशिवाय एकही रायफल घ्यायची नाही, असं मी म्हणते. कोचच्या मानधनाचा एक वर्षाचा खर्च आधी बाजूला काढू, मग उरेल त्यात रायफली. कोच नसेल तर आपण वॉटर कूलरच देऊ. थंड पाण्याने कोणाची पाठ दुखत नाही.

शाळेचं नाव निघालं पाहिजे, हे मलाही वाटतं. अंजली भागवत एन.सी.सी.तून या खेळात आल्या आणि सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत दहा मीटरचा विश्वविजेता झाला. यांच्या रायफलींचे फोटो बघा. दोन रायफली एकसारख्या दिसणार नाहीत. प्रत्येकीचा दस्ता, टेकू, वजन त्या त्या माणसाला बसवलेलं. मोठे खेळाडू रायफलीला आपल्या मापाचं करून घेतात. आपण लहान मुलांना रायफलीच्या मापाचं व्हायला सांगतो.

आणि हे फक्त रायफलीपुरतं आहे असं मला वाटत नाही. पण त्यावर बोलायला लागले तर हे पुन्हा टिळक पुण्यतिथीचं भाषण होईल, म्हणून थांबते. एकच सांगते. माझी लेक तीन महिने पाठ दुखत असताना गप्प राहिली, कारण तिला वाटलं की आपण महाग आहोत. आपल्या वसाहतीतल्या प्रत्येक घरात असं एक पोर होतं. ओव्हरटाइमचे पैसे आपल्या क्लासला गेले हे आपल्याला माहीत असायचं, आणि म्हणून आपण काही दुखलं तरी बोलायचो नाही. मीही त्यातलीच होते. तरी माझ्याच घरात मला ते ओळखता आलं नाही. आपण शाळेला जे काही देऊ, ते देताना पोरांना एवढं नक्की सांगूया की वस्तूची किंमत तुम्ही फेडायची नाही. दुखलं तर सांगा. जमलं नाही तर सांगा. रायफल बदलता येते.

आण्णा आज मागच्या रांगेत बसले आहेत. मोरे चौकातून चालत आले, रिक्षा नको म्हणाले. लेक त्यांच्या शेजारी आहे. मेळावा संपल्यावर ज्या कोणाला शंका असेल त्याने तिच्याकडे जावं. ती तुम्हाला लाटणं घेऊन उभं कसं राहायचं ते दाखवेल. लाटणं पिशवीत आणलं आहे.